डॉ. हाफकिन आणि त्यांच्या लशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी शाळांमधून आणि वाचनालयांतून मुंबईतल्या जुन्या साथींवर बोलतो. बोलून झाले की चिठ्ठ्या येतात, नंतर फोनवर संदेश येतात, आणि त्यातले निम्मे प्रश्न हाफकिन यांच्याबद्दल असतात. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी घेतले आहेत, अडचणीचे नंतर. उत्तर दुसरीकडे आले असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हाफकिन हे माणसाचे नाव आहे की फक्त संस्थेचे?

माणसाचे. पूर्ण नाव वाल्डेमार हाफकिन. जन्म १५ मार्च १८६०, काळ्या समुद्रावरच्या ओडेसा शहरात. ओडेसा तेव्हा रशियन साम्राज्यात होते. कॉलऱ्यावर आणि प्लेगवर माणसाला टोचता येईल अशी लस तयार करून ती हजारो लोकांपर्यंत नेणारा हा माणूस. मुंबईत परळला असलेल्या संस्थेला, म्हणजे आजच्या हाफकिन इन्स्टिट्यूटला, त्यांचे नाव १९२५ मध्ये दिले गेले, तेव्हा ते हयात होते.

२. ते इंग्रज होते ना?

नाही. रशियातल्या ज्यू कुटुंबातले होते. ओडेसाच्या विद्यापीठात ते मेचनिकॉफ यांचे विद्यार्थी. शरीरातल्या पांढऱ्या पेशी जंतू गिळून टाकतात हे दाखवणारे ते हेच मेचनिकॉफ. १८८१ च्या सुमारास ज्यूंवर हल्ले झाले तेव्हा तरुण हाफकिन आपल्या वस्तीच्या बचावाला उभे राहिले, जखमी झाले, पकडले गेले आणि मेचनिकॉफ यांच्या शब्दावर सुटले. पुढे धर्म बदलल्याशिवाय विद्यापीठात वरची जागा मिळणार नाही अशी स्थिती होती. त्यांनी धर्म बदलला नाही. १८८८ मध्ये देश सोडून ते जिनिव्हाला गेले आणि तिथून पुढच्या वर्षी पॅरिसला. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना मिळालेली पहिली जागा ग्रंथपालाची होती.

३. मग ते डॉक्टर होते का? ‘डॉ. हाफकिन’ म्हणतात म्हणून विचारतो.

रोगी तपासणारे डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. पुढे मुल्कोवालच्या प्रकरणात (प्रश्न १५) वैद्यकीय खात्यातल्या मंडळींशी त्यांचे जमले नाही, त्यामागे हेही एक कारण होते.

त्यांचे सुरुवातीचे काम माणसाच्या रोगांवर नव्हतेच, हे मुलांना सांगितले की ती थक्क होतात. डबक्याच्या पाण्यात पॅरामेशियम नावाचा एकपेशीय जीव असतो. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली चपलेच्या तळव्यासारखा दिसतो तोच. या एका पेशीच्या जिवालाही संसर्ग होतो आणि त्याच्या केंद्रकात परजीवी जंतू वाढतात, असे हाफकिन यांनी १८९० मध्ये दाखवले. त्या जंतूंना त्यांनी दिलेले होलोस्पोरा हे नाव आजही चालते. त्यातही बारकावा असा की पॅरामेशियमला दोन केंद्रके असतात, एक मोठे आणि एक लहान. एका जातीचा होलोस्पोरा मोठ्यात शिरतो, दुसऱ्या जातीचा लहानात, आणि ते एकमेकांच्या घरात जात नाहीत. जे जग साध्या डोळ्याला दिसतही नाही, तिथे कोण कोणाच्या कुठल्या खोलीत राहतो हे ज्याने टिपले, त्याच नजरेने पुढे प्लेगच्या जंतूकडे पाहिले. म्हणून मी या कामाला सुरुवातीची हौस समजत नाही.

४. पॅरिसमधला माणूस भारतात कशाला आला?

कॉलऱ्यासाठी. आपल्याकडे त्याला पटकी म्हणत, गावोगाव मरीआईचा फेरा म्हणत. हाफकिन यांनी पॅरिसमध्ये कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. पण खरी परीक्षा जिथे पटकी दरवर्षी येते तिथेच होणार होती. भारताचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते. त्यांच्या पाठबळाने हाफकिन १८९३ च्या मार्चमध्ये कोलकात्यात उतरले. पुढच्या दोन-अडीच वर्षांत उत्तर हिंदुस्थानापासून बंगालपर्यंत त्यांनी सुमारे ४२,००० लोकांना टोचले. याच काळात त्यांना मलेरिया जडला आणि १८९५ मध्ये युरोपात परतावे लागले. बरे वाटल्यावर ते पुन्हा आले.

५. कॉलऱ्याची लस नेमकी कशी होती?

दोन टोचण्या होत्या. पहिलीत नरम केलेले जंतू असत. शरीराच्या तापमानाहून थोड्या जास्त उष्णतेत, हवा खेळती ठेवून वाढवले की जंतूंचा जोर कमी होतो. दुसरी टोचणी साधारण पाच दिवसांनी, आणि तिच्यात उलट जास्त जोरकस केलेले जंतू असत. हे जंतू गिनीपिगच्या पोटाच्या पोकळीतून एकामागून एक नेऊन तयार केलेले. पहिल्या टोचणीने शरीर सावध झालेले असे, म्हणून दुसरी पेलवे. टोचण्या कातडीखाली देत, त्यामुळे जंतू आतड्यात पोचून पटकी लावत नसत.

देवी टोचण्याशी याची गल्लत करू नका. देवीची लस गाईच्या देवीच्या विषाणूपासून येई आणि दंडावर ओरखडा काढून लावत. जंतू प्रयोगशाळेत वाढवून, त्यांचा जोर मोजूनमापून कमी-जास्त करून माणसाला टोचायचे, हे त्या काळात अगदी नवे होते.

६. प्लेग मुंबईत आला तेव्हा काय झाले?

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. हे गोव्यातल्या हडफडे गावचे. त्यांचा पुतळा मेट्रो सिनेमासमोर उभा आहे, तिथून जाताना एकदा थांबून पाहा. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगच्या साथीत सापडला होता. औषध नव्हते.

सरकारने हाफकिन यांना कोलकात्याहून बोलावले. ७ ऑक्टोबरला ते मुंबईत पोचले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला, हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत शहराची निम्मी वस्ती गावाकडे पळालेली होती. त्या एका खोलीत तीन महिन्यांच्या आत लस तयार झाली.

७. लशीत तूप घालत असत हे खरे आहे का?

लशीत नव्हे, जंतू वाढवण्याच्या भांड्यात. ही कृती मला सगळ्यात आवडते.

काचेच्या मोठ्या चंबूत मांसाचा निवळ रस्सा घ्यायचा. त्यावर तुपाचे काही थेंब सोडायचे, ते वर तरंगतात. मग प्लेगचे जंतू घालून चंबू अजिबात न हलवता ठेवायचा. जंतू तुपाच्या थेंबांना खालून चिकटतात आणि तिथून धाग्यासारखे खाली लोंबत वाढतात, गुहेच्या छताला चुनखडीचे सुळे लोंबावेत तसे. चंबूला जरा धक्का लागला की सारे धागे तुटून बर्फासारखे तळाशी बसतात. म्हणून मुद्दामच ठरावीक दिवसांनी हलवायचे, म्हणजे ते पडतात आणि वर नवे पीक येते. असे पाच-सहा आठवडे चाले. असे लोंबणारे धागे दिसले की हा प्लेगचाच जंतू, अशी ओळखही पटे.

मग तो चंबू ६५ ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तासभर ठेवायचा, म्हणजे जंतू मरतात. पुढे जंतुनाशक म्हणून थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे. म्हणजे कॉलऱ्याची लस जिवंत जंतूंची होती आणि प्लेगची मेलेल्या. आमच्या कार्यक्रमांत काही वर्षे मी दोन्ही लशी ‘जिवंत’ असे सांगत होतो. ते चूक होते. ज्यांनी तेव्हा लिहून घेतले असेल त्यांनी कृपया दुरुस्त करावे.

८. त्यांनी स्वतःला टोचून घेतले ही दंतकथा तर नाही?

नाही. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली, तीही १० घन सेंटिमीटर. पुढे लोकांना जी मात्रा देत तिच्या जवळजवळ चौपट. ताप आला, टोचलेली जागा दुखली, आणि ते बरे झाले.

एवढ्याने लस लागू पडते हे सिद्ध होत नाही, टोचून माणूस मरत नाही इतकेच सिद्ध होते. हा फरक त्यांना पक्का ठाऊक होता, म्हणूनच पुढचे दोन प्रश्न महत्त्वाचे आहेत.

९. भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांवर प्रयोग केला ना? हे योग्य होते का?

जानेवारी १८९७ च्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांना विचारले गेले आणि जवळपास निम्मे टोचून घ्यायला पुढे आले. उरलेल्यांना टोचले नाही. सगळे त्याच भिंतींच्या आत राहत होते आणि तेच अन्न खात होते. पुढच्या दिवसांत न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला, त्यातले ६ दगावले. टोचलेल्यांपैकी २ जणांना झाला, दोघेही वाचले.

योग्य होते का? कैदी स्वतः पुढे आले होते आणि जबरदस्तीची नोंद नाही. पण दारात मृत्यू उभा आणि बाहेर पडायची सोय नाही, अशा माणसाच्या ‘हो’ला आज आपण मोकळी संमती म्हणणार नाही. आजचे नियम कैद्यांच्या बाबतीत फार कडक आहेत आणि ते असायलाच हवेत. तरीही मला वाटते की ज्याने तीच लस आधी चौपट मात्रेत स्वतःला टोचली, त्याला कैद्यांचा जीव स्वस्त वाटला असे म्हणता येणार नाही.

१०. लस खरेच लागू पडायची का? की साथ आपोआप ओसरली?

हा प्रश्न हाफकिन यांनी स्वतःलाच सतत विचारला आणि माझ्या मते त्यांचे मोठेपण याच्यातच आहे. म्हणून हे उत्तर लांब आहे.

कोलकात्यापासून सुरुवात करू. १८९४ मध्ये तिथल्या काठाल बागान वस्तीत पटकी आली. वस्ती सुमारे २०० जणांची, त्यापैकी ११६ जणांनी टोचून घेतले. नंतर १० जणांना पटकी झाली, त्यातले ७ गेले. ते दहाही जण न टोचलेले होते.

मग प्लेग. १८९७ मध्ये पोर्तुगिजांच्या दमणमध्ये टोचलेले २,१९७ होते, त्यातले ३६ गेले. न टोचलेले ६,०३३ होते, त्यातले १,४८२ गेले. म्हणजे एकीकडे शंभरात दोघेही नाहीत आणि दुसरीकडे जवळजवळ दर चौघांत एक.

एवढे आकडे पाहून आपण म्हणू, झाले की. पण शंकेखोर माणूस विचारेल की टोचून घ्यायला कोण आले? कदाचित बऱ्या स्थितीतले, स्वच्छ घरांतले, आधीच सावध असलेले. मग ते लशीमुळे वाचले की घरामुळे? शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर बडोदे संस्थानातल्या उंधेरा गावात मिळाले.

फेब्रुवारी १८९८. उंधेऱ्यात प्लेग चालू होता. हाफकिन आणि त्यांच्या सोबतच्या डॉक्टरांनी गाव जमवले, एकेक कुटुंब समोर बसवले आणि प्रत्येक घरातल्या जवळपास निम्म्यांना टोचले, निम्म्यांना नाही. बापाला टोचले तर काकाला नाही. एका बहिणीला टोचले, दुसरीला सोडले. म्हणजे घर एक, चूल एक, उंदीर एक, फरक फक्त सुईचा. काही आठवड्यांनी पथक परत आले आणि घरोघर फिरून हिशोब लिहिला. प्लेग लागलेल्या घरांत टोचलेले ७१ जण होते, त्यातले ३ गेले. न टोचलेले ६४ होते, त्यातले २६ गेले.

ही घरे मी मुलांना फळ्यावर काढून दाखवतो. चौकोन काढायचा, त्यात सहा माणसे, तिघांच्या दंडावर खूण. मग पुसायचे. वर्गात आवाज राहत नाही. ज्या घरातली निम्मी माणसे मुद्दाम सोडली त्या घराचे काय, हा प्रश्न कुणीतरी विचारतेच. तेव्हा लस लागू पडते की नाही हेच ठाऊक नव्हते, टोचून अपाय होईल असे म्हणणारेही पुष्कळ होते. ज्याला सोडले त्याच्यावर अन्याय झाला हे आपल्याला आज कळते, कारण त्या गावाने ते दाखवून दिले. उंधेऱ्याच्या त्या २६ माणसांची नावे आपल्याकडे नाहीत, याची मला खंत वाटते.

लस शंभर टक्के नव्हती. टोचूनही काहींना प्लेग झाला, पण आजार सौम्य गेला आणि वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढली. संरक्षण काही महिनेच टिके, साथ परत आली की परत टोचावे लागे. आणि ज्याला आधीच प्लेगची गाठ आली होती त्याला या लशीचा उपयोग नव्हता. ती अटकावासाठी होती, उपचारासाठी नाही. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून या लशीच्या २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या.

११. लोकांनी विरोध केला नाही का?

केला. कोलकात्याच्या वस्त्यांत सुरुवातीला दगड आले. मुंबईत तर सरकारच्या प्रत्येक गोष्टीवर संशय होता, कारण प्लेगच्या नावाने घरे तपासली जात आणि माणसे उचलून इस्पितळात नेली जात. टोचणीने माणूस मरतो, धर्म बुडतो, अशा वावड्या होत्या. जंतू वाढवायच्या रशात कुठले मांस आहे यावरून शंका घेतल्या गेल्या, तेव्हा हाफकिन यांनी बकऱ्याचे मांस वापरले.

त्यांची रीत मात्र बदलली नाही. आधी समजावून सांगायचे, लोकांसमोर स्वतःला टोचून दाखवायचे आणि जो येईल त्याला टोचायचे. मुंबईत त्यांना सगळ्यात मोठा आधार मिळाला तो खोजा मुसलमानांचे तरुण धर्मगुरू आगाखान तिसरे यांचा. त्यांनी उघडपणे टोचून घेतले, आपल्या खोजा समाजाला पुढे आणले आणि १८९८ मध्ये प्रयोगशाळेसाठी आपला खुश्रू लॉज हा बंगला दिला.

१२. पुण्यातल्या रँडच्या जुलमाशी हाफकिन यांचा संबंध होता का?

नाही. रँड हा पुण्याच्या प्लेग समितीचा प्रमुख. त्याच्या कारभारात गोऱ्या शिपायांनी घरात घुसून झडत्या घेतल्या, बायामाणसांची विटंबना झाली, देवघरे बाटली. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी त्याच्यावर गोळी झाडली. पुण्यातला तो बंदोबस्त झडती, विलगीकरण आणि सक्तीच्या इस्पितळांचा होता. हाफकिन यांचे काम मुंबईत आणि स्वेच्छेने टोचून घेणाऱ्यांवर चालले होते. दोघे एकाच सरकारच्या चाकरीत होते एवढेच. पण गावकऱ्याच्या दारात सुई घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला त्या झडत्यांचा राग सोसावा लागला, हेही खरे.

१३. सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. तेव्हा लस असूनही त्यांना का मिळाली नाही?

तारखा शेजारी मांडून पाहा. हाफकिन यांनी स्वतःला टोचले १० जानेवारी १८९७ ला. भायखळ्याचा तुरुंग जानेवारीच्या अखेरीस. सावित्रीबाई गेल्या १० मार्च १८९७ ला. लस जगात येऊन जेमतेम दोन महिने झाले होते, आणि ती एका कॉलेजातल्या एका खोलीत, पाच-सहा आठवडे जपून ठेवाव्या लागणाऱ्या चंबूंत तयार होत होती.

सावित्रीबाईंनी मुंढव्याहून प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन हडपसरजवळच्या डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात आणले आणि त्यातूनच त्यांना संसर्ग झाला. एकदा रोग अंगात शिरल्यावर लस काही करू शकली नसती (प्रश्न १० चा शेवट पाहा). त्या धोका ओळखून गेल्या होत्या.

१४. उंदीर आणि पिसवांचा शोधही हाफकिन यांचाच ना?

नाही, ही गल्लत फार होते. माझ्या आजीचे बालपण कराडकडचे. ती सांगायची, घरात उंदीर पडला की गाव उठून माळावर झोपड्यांत राहायला जायचे. उंदीर मेला की माणूस मरतो हे आपल्या गावांना पुस्तकाशिवाय ठाऊक होते. पण उंदरातून माणसात रोग कसा येतो हे कोडे होते.

मेलेल्या उंदरावरच्या पिसवा दुसऱ्या जनावराला चावून प्लेग देतात, हे १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवले. तेव्हा फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत प्लेग संशोधन मंडळाने काम केले आणि ते पक्के ठरले. पिसवांची उडी पोचेल इतक्या खाली टांगलेल्या पिंजऱ्यांतल्या जनावरांना प्लेग होई, उडी न पोचणाऱ्या उंचीवरच्यांना होत नसे. उंदीर गार पडला की पिसवा त्याला सोडतात आणि दुसरे गरम अंग शोधतात. आजीच्या गावाने घर सोडले ते अगदी योग्य वेळी सोडले होते.

१५. मुल्कोवालमध्ये लशीने माणसे मेली ना? मग त्यांचा एवढा गौरव कशाला?

माणसे मेली हे खरे आहे. कशाने, हे मात्र नीट वाचा.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या मुल्कोवाल गावात प्लेगच्या टोचण्या चालू होत्या. त्या दिवशी १०७ जणांना टोचले. काही दिवसांनी त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि एकोणीसही जण गेले. ते सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते, क्रमांक ५३ एन. त्याच दिवशी इतर बाटल्यांतून टोचलेल्या ८८ जणांना काही झाले नाही.

आरोप लस बनवणाऱ्या परळच्या प्रयोगशाळेवर आला. मागणी प्रचंड वाढल्यामुळे हाफकिन यांनी लस बनवण्याची कृती थोडी बदलली होती आणि नव्या कृतीत कार्बोलिक आम्ल घालत नव्हते. चौकशी समितीने दूषितपणा प्रयोगशाळेतच झाला असावा असा कौल दिला. हाफकिन यांना कामावरून दूर केले गेले.

आता दुसरी बाजू. बाटली उघडताना तिथल्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. नियमाप्रमाणे तो ज्योतीवर तापवायला हवा होता, पण कार्बोलिकच्या पाण्यात नुसता बुचकळून त्याच चिमट्याने बूच काढले गेले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, गावच्या जमिनीवर तर असतातच. जंतू परळमध्येच शिरले असते तर बाटली भरून कित्येक आठवडे झाले होते, तेवढ्या काळात ते आत भरपूर वाढले असते आणि बूच काढताच घाण वास सुटला असता. वास आल्याची नोंद नाही. शिवाय बाटलीत आधीच विष साचलेले असते तर लक्षणे दिसायला इतके दिवस लागले नसते.

हे सगळे कागदपत्र उजेडात यायला वर्षे गेली. अखेर २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये दहा नामांकित जंतुशास्त्रज्ञांचे पत्र आले. पहिली सही रोनाल्ड रॉस यांची, मलेरियाचा परजीवी डासात शोधणारे तेच. प्रयोगशाळेवरचा आरोप सिद्ध तर झालेला नाहीच, उलट पुरावा त्याच्या विरुद्ध आहे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. त्या वर्षाच्या अखेरीस हाफकिन यांच्यावरचा ठपका गेला आणि ते कोलकात्याला कामावर परतले. मुंबईची प्रयोगशाळा मात्र त्यांना परत मिळाली नाही.

या माणसाची पाच वर्षे गेली हे मला लागते. पण मुल्कोवालच्या त्या १९ घरांचे नुकसान आधी सांगावे, मग त्यांचे. त्या घरांनी विश्वासाने दंड पुढे केले होते.

१६. त्यांना नोबेल मिळाले होते का?

नाही. त्यांचे गुरू मेचनिकॉफ यांना १९०८ मध्ये मिळाले, रॉस यांना १९०२ मध्ये.

१७. आज प्लेगची साथ आली तर हाफकिन यांची लस मिळेल का?

नाही, आणि आता तिची गरजही नाही. प्लेगवर आज स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, डॉक्सिसायक्लिन यांसारखी प्रतिजैविके लागू पडतात. वेळेवर सुरू केली की बहुतेक रोगी वाचतात. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग आणि पाठोपाठ सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आला, तेव्हाही भर औषधांवर, पिसवा मारण्यावर आणि रोग्यांच्या संपर्कातल्यांना गोळ्या देण्यावर होता. त्या काळात पिसवांवर फवारणी करण्याआधी उंदीर मारू नका असे का सांगत होते, याचे उत्तर प्रश्न १४ मध्ये आहे.

१८. आमचे आजोबा पंढरीच्या वारीला जाताना पटकीची सुई घ्यायचे. ती हाफकिन यांचीच का?

नेमकी तीच नाही. हाफकिन यांची जिवंत जंतूंची दोन टोचण्यांची पद्धत (प्रश्न ५) पुढे मागे पडली. १८९६ मध्येच कोले या जर्मन शास्त्रज्ञांनी उष्णतेने मारलेल्या जंतूंची कॉलऱ्याची लस केली. ती बनवायला सोपी आणि टिकायला बरी, म्हणून विसाव्या शतकात जत्रा-यात्रांना जी सुई टोचत ती या जातीची होती. तिचे संरक्षण थोडेच आणि थोड्या काळापुरते. आज कॉलऱ्याची लस तोंडावाटे देतात. तरी वारीच्या वाटेवर शुद्ध पाणी आणि संडासांची सोय यांना पर्याय नाही, हे सुईच्या काळातही खरे होते.

१९. परळची जुनी इमारत आधी काय होती?

गव्हर्नरचा बंगला. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी याच घरात कॉलऱ्याने गेल्या आणि त्यानंतर गव्हर्नरांचा मुक्काम मलबार पॉइंटला हलला. ज्या घरातून कॉलऱ्याने राज्यकर्त्यांना बाहेर काढले, तिथेच कॉलऱ्याची लस करणारा माणूस आपले चंबू घेऊन राहायला आला.

२०. हाफकिन इन्स्टिट्यूट आणि हाफकिन महामंडळ एकच का? पोलिओचे डोस कोण बनवते?

दोन वेगळ्या संस्था आहेत, आवार एक. संशोधन, प्रशिक्षण आणि तपासणी करणारी ती इन्स्टिट्यूट. लशी आणि औषधे बनवणारे हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळ १९७५ मध्ये वेगळे झाले. तोंडावाटे देण्याची पोलिओची लस तयार करण्याचे काम महामंडळाचे.

२१. शेवटी ते कुठे गेले?

१९१४-१५ च्या सुमारास निवृत्त होऊन ते फ्रान्सला परतले. लग्न केले नव्हते. धर्माने वागणारे ज्यू म्हणून त्यांनी उरलेले आयुष्य काढले आणि आपली पुंजी पूर्व युरोपातल्या ज्यू धार्मिक शाळांतल्या शिक्षणासाठी ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथे ते वारले. भारताच्या टपाल खात्याने १९६४ मध्ये त्यांचे तिकीट काढले.

२२. मुलीच्या प्रकल्पासाठी संस्थेची स्थापना कोणती लिहू? कुठे १८९६ आहे, कुठे १८९९, कुठे १९२५.

तिन्हींमागे कारण आहे. ऑक्टोबर १८९६ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या खोलीत काम सुरू झाले. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या बंगल्यात गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते प्लेग संशोधन प्रयोगशाळा उघडली. १९०६ मध्ये तिचे नाव मुंबई जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा झाले आणि १९२५ मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट. स्थापना म्हणून १० ऑगस्ट १८९९ लिहावी. जागा उरली तर त्याखाली एका ओळीत ती खोली, तो व्हरांडा आणि तीन शिपाईही लिहा.